ओल्या गोणपाटाखालचे ठोकळे

७ सप्टेंबर

निघताना नवऱ्याने ही वही दिली. तो शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे पहिल्या पानावर माझं विमानात बसलेलं चित्र आहे. विमान लहान आणि मी मोठी. म्हणाला, "आपल्याला अजिबात न ओळखणाऱ्या माणसाला सांगतेयस असं समजून लिही. म्हणजे काही गाळणार नाहीस."

तर अनोळखी माणसा, ऐक. वय अडतीस. पंधरा वर्षं तंत्रनिकेतनात बांधकाम शिकवलं. आता तीन वर्षांची रजा घेऊन पीएचडी करायला परदेशात आले आहे. विषय चुना. हो, चुनाच. सिमेंट यायच्या आधी भिंती ज्याने बांधल्या जात तो. जुन्या इमारती दुरुस्त करायला तो पुन्हा नीट बनवता यायला हवा, म्हणून.

घरी नवरा आहे आणि नऊ वर्षांची मुलगी, भिंगरी. एका जागी बसत नाही म्हणून हे नाव. आणि अण्णा, माझे वडील. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं त्यांनी. आई गेल्यापासून एकटेच राहत होते, मी निघणार म्हटल्यावर घराला कुलूप लावून आमच्याकडे आले.

खोली तिसऱ्या मजल्यावर. पलंग असा की कूस बदलली की तक्रार करतो. खिडकीतून समोरच्या इमारतीची विटांची भिंत दिसते. सांधे इतके सरळ की पंधरा मिनिटं बघत उभी राहिले. मग एकदम रडू आलं. मग भूक लागली. या क्रमाने.

११ सप्टेंबर

माझ्या मार्गदर्शक बाई माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहेत. मला नावाने हाक मार, म्हणाल्या. जीभच रेटेना. दिवसभर मी वाक्यंच अशी रचली की हाक मारावी लागू नये. एकदा तर त्या पाठमोऱ्या असताना नुसतं खोकले. वहीत मी त्यांना गुरुबाई म्हणणार.

प्रयोगशाळेची सूत्रं मात्र दुसऱ्याच्या हाती आहेत. साठीचा उंच माणूस, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलणं मोजून मापून. मी मनात त्याला किल्लीदार म्हणते. त्याने ठोकळे दाबून फोडायचं यंत्र दाखवलं. पाच सेंटिमीटरचा ठोकळा ठेवायचा, यंत्र वरून दाबत जातं, ठोकळा फुटतो, तो किती वजनाला फुटला ते काटा सांगतो. किल्लीदाराने एक ठोकळा फोडून दाखवला आणि पहिल्यांदाच हसला. फोडायला आवडतं त्याला.

२१ सप्टेंबर

रविवारी सकाळी घरी फोन करायचा ठरलंय. भिंगरी दोन मिनिटं बोलली आणि पळाली. "कामात आहे," म्हणाली. नऊ वर्षांच्या मुलीला कसलं आलंय काम!

२४ सप्टेंबर

पहिला माल कालवला! सतरा ठोकळे. हात कोपरापर्यंत पांढरे. शेजारच्या टेबलावरचा मुलगा संगणकावर पूल मोडत असतो, तो उठून बघायला आला. "इथे कुणाचे हात कधी खराब झालेले पाहिले नाहीत," म्हणाला. मला फार बरं वाटलं.

किल्लीदाराने ठोकळे ठेवायला खिडकीखालची फळी दिली. सगळ्यात चांगली जागा आहे, ऊबदार, म्हणाला. माणूस वरून फणस.

५ ऑक्टोबर

थंडी सुरू झाली. इमारतीतले हीटर चालू झाले.

भिंगरी आज फोनवर आलीच नाही. नवरा म्हणाला, "आत्ता होती इथे." मागून अण्णांचा आवाज आला, "पाणी कमी घाल, पाणी कमी!" मी विचारलं काय चाललंय, तर म्हणे झाडांना पाणी. दोन कुंड्यांना किती ती चर्चा.

अण्णा फोनवर आले. इकडची तिकडची विचारपूस करून म्हणाले, "तुझे ठोकळे किती बाय किती?" सांगितलं. "आणि वाळू किती, चुना किती?" तेही सांगितलं. "हं," म्हणाले. बिचारे. काहीतरी बोलायचं म्हणून विचारतात. लेक लांब गेली की बापाला विषय शोधावे लागतात.

९ ऑक्टोबर

विभागात नव्या विद्यार्थ्यांची ओळख करून द्यायचा कार्यक्रम होता. हातात पेला घेऊन उभं राहायचं आणि सगळ्यांशी बोलायचं. कुणाची आई न्यायाधीश, कुणाचे वडील प्राध्यापक. मला विचारलं. मी म्हणाले, "वडील बांधकाम क्षेत्रात आहेत."

खोटं नाही ते. पण त्या वाक्याला मी इस्त्री केली होती, आणि हे मला ठाऊक आहे. परत येताना तोंडात चव नव्हती.

२२ ऑक्टोबर

अठ्ठावीस दिवस पुरे. सतरापैकी अकरा ठोकळ्यांना तडे. उरलेले सहा यंत्राखाली ठेवले तर काटा हलायच्या आत भुगा. किल्लीदारालासुद्धा मजा आली नाही. त्याने झाडून भुगा गोळा केला आणि डब्यात भरून वर तारीख लिहिली, जसं काही महत्त्वाचं असावं.

२६ ऑक्टोबर

भिंगरी तीन रविवार बोललेली नाही. आज पडद्याच्या कडेला अर्धा चेहरा दिसला. एक भुवई पांढरी.

"तिच्या भुवईला काय लागलंय?"

"खडू," नवरा म्हणाला. "माझ्या शाळेतला."

ती रागावली आहे माझ्यावर. दुसरं काय असणार. माझ्यासमोर यायचं नाही तिला. मी इथे बसून चुन्याचा भुगा करतेय आणि तिकडे मुलगी हातातून निसटतेय. नवऱ्याला विचारलं तर ताकास तूर लागू देत नाही. "छान आहे ती, मजेत आहे," एवढंच. आणि तेही हसत. हसायला काय झालं?

२७ नोव्हेंबर

दुसरा घाणाही, म्हणजे नव्याने कालवलेल्या मालाचे चौदा ठोकळेही, वाया. या वेळी चुन्याचं प्रमाण बदललं होतं, तरी तडे तसेच.

गुरुबाईंनी खोलीत बोलावलं. प्रेमाने बोलल्या, म्हणून जास्त लागलं. फेब्रुवारीत तिघांची समिती माझ्या कामाचा आढावा घेईल. तोवर एक तरी घाणा टिकायला हवा. नाहीतर छोटी पदवी घेऊन उन्हाळ्यात परत. "त्यातही कमीपणा नाही," म्हणाल्या.

कमीपणा नाही! तंत्रनिकेतनात सगळ्यांना पेढे वाटून आलेय मी.

पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, ठोकळे हवेशीर खोलीत ठेवावेत. हवेशीर खोलीतच आहेत. मग चुकतंय काय?

३० नोव्हेंबर

अनोळखी माणसा, आज बस. सगळं सांगते.

फोन केला. घरी काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण अण्णांनी "ठोकळे काय म्हणतात?" विचारलं आणि माझा बांध फुटला. तडे, भुगा, फेब्रुवारी, सगळं बोलून टाकलं. अण्णा ऐकत होते. मग म्हणाले,

"असं कसं? आमचे नाही तडकले."

"आमचे?"

मग नवऱ्याचा आवाज, "अण्णा!" आणि मग भिंगरीची किंकाळी, "आजोबा, तुम्ही सांगितलं! तुम्हीच सांगितलं! मी नाही सांगितलं!"

फोन तिच्या हातात गेला. घर गरगर फिरलं, स्वयंपाकघर, मागचं दार, पायऱ्या. मागच्या पडवीत ओली गोणपाटं अंथरलेली. तिने एक उचललं. खाली ठोकळे. ओळीत चोवीस. नवऱ्याने लाकडाचे साचे करून दिले होते, प्रत्येक ठोकळ्यावर तारीख कोरलेली. एकालाही तडा नाही.

"आई, मी सगळं वहीत लिहिलंय. वाचू?"

वाचलं तिने. जसंच्या तसं उतरवते:

"माल कालवला. मी रबरी हातमोजे घातले. ते खांद्यापर्यंत येतात. आजोबा म्हणाले घाई नको."

"सकाळ संध्याकाळ पाणी शिंपडलं. बाबा विसरले. आजोबा चिडले."

"आज आईचा फोन होता. मी गेले नाही. गेले तर सांगून टाकेन."

"म्हणून येत नव्हतीस फोनवर?" मी विचारलं.

"मग! माझ्या तोंडात राहत नाही ना काही. बाबा म्हणाले तुझ्या वाढदिवसापर्यंत गुपित ठेवायचं. दोन महिने, आई! मला किती त्रास झाला माहितीय?"

मी हसत होते की रडत होते देव जाणे. शेजारच्या खोलीतल्या मुलीने दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना? म्हटलं, इतकं ठीक कधीच नव्हतं.

मग अण्णा. "पोरी, आता सांग. तू ठोकळे ठेवतेस कुठे?"

"खिडकीखाली. फळीवर."

"फळीखाली काय आहे?"

फळीखाली हीटर आहे.

पंधरा वर्षं मुलांना शिकवलं की बांधकाम पटकन वाळू देऊ नका! काखेत कळसा म्हणतात तो हाच. ज्याने पुस्तक लिहिलं त्याच्या खोलीत हीटर नसावा, एवढंच.

"चुन्याला वारा हवा, पण ओलही हवी," अण्णा म्हणाले. "लहान मूल झोपवल्यासारखं. पांघरूण घालायचं, पण तोंडावर नाही. सिमेंटला असले लाड लागत नाहीत, म्हणून तुम्ही लोक विसरलात."

१ डिसेंबर

किल्लीदाराला हीटरचं सांगितलं. त्याचा चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं. जागा त्यानेच दिली होती ना. तो निघून गेला. तासाभराने आला, जुडग्यातली एक गंजकी किल्ली काढून पुढे चालू लागला. तळघरात, जिन्याखाली, एक जुनी कोठडी. भिंतींना ओल, वर एक झरोका. लोक तक्रार करतात या जागेबद्दल, म्हणाला.

मी त्याला मिठीच मारणार होते. हात मिळवला.

गोणपाट मात्र इथे मिळेना. शेवटी त्याने कुठूनसा जाड सुती पडदा आणून दिला. विभागाच्या सभागृहातला जुना. लाल, सोनेरी किनारीचा. आजच कालवलेले माझे नवे ठोकळे आता राजेशाही थाटात झोपलेत.

७ डिसेंबर

भिंगरी आज पाऊण तास बोलली. गुपित फुटल्यापासून पोरीला कंठ फुटलाय. शेवटी मीच म्हटलं, बाई, आता ठेव.

३० डिसेंबर

फुटले! म्हणजे फुटायला हवे तिथेच फुटले. सगळ्या ठोकळ्यांनी तग धरला, काटा सरकत सरकत गेला, आणि किल्लीदार प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत होता, लिलावात बोली लावल्यासारखा. शेवटचा फुटला तेव्हा आम्ही दोघांनी एकदम आरोळी ठोकली. संगणकावर पूल मोडणारा मुलगा धावत आला. त्याला वाटलं कुणाचा हात अडकला.

घरी फोटो पाठवला. अण्णांचं उत्तर नवऱ्याने टाइप केलं: "अण्णा विचारतात, रंग कसा आहे, आतून एकसारखा पांढरा आहे ना? आणि अण्णा तीन वेळा चष्मा पुसून बसलेत. हे लिहू नको म्हणाले."

१८ फेब्रुवारी

आढावा झाला. पास!

घडलं ते असं. समितीतले सगळ्यात ज्येष्ठ गृहस्थ कागद चाळत म्हणाले, "हे ओल राखण्याचं तंत्र इथे कोणत्याही संदर्भग्रंथाचा हवाला न देता लिहिलंय. कुठून घेतलं?"

बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा तो प्रश्न. आणि माझ्यापाशी दाखवायला बाप होता.

ऑक्टोबरातलं ते इस्त्री केलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "माझ्या वडिलांकडून. ते गवंडी आहेत. त्यांनी माझ्या मुलीबरोबर घराच्या मागच्या पडवीत चोवीस ठोकळे केले, त्यातला एकही तडकला नाही. माझे एकतीस वाया गेले होते."

आणि भिंगरीच्या वहीच्या पानांचे फोटो दाखवले. "बाबा विसरले, आजोबा चिडले" हे मी भाषांतर करून सांगितलं. गृहस्थ हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "ही तर रीतसर नोंद आहे. हिचाही हवाला द्या."

गुरुबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "तुझे वडील आमच्या विद्यार्थ्यांना शिकवतील का? पडद्यावरून?" मी आनंदाच्या भरात त्यांना चक्क नावाने हाक मारली. दोघी दचकलो.

२२ फेब्रुवारी

अण्णा म्हणतात, "मी काय शिकवणार? मला खडू धरता येत नाही." नवरा म्हणतो त्यांनी केस कापून घेतले. वर्ग एप्रिलमध्ये आहे.

१९ मार्च

एक घोळ झालाय.

अण्णांचा एक सिद्धांत आहे: वाळू धुवायची नाही. "धुतली की तिचा जीव जातो." लहानपणापासून ऐकत आले. समितीने सुचवलं म्हणून मी दोन्ही करून बघितलं. बारा ठोकळे धुतलेल्या वाळूचे, बारा न धुतलेल्या. आज फोडले. धुतलेले सरस आहेत. थोडेथोडके नाहीत, चांगलेच.

तीनदा आकडे तपासले. मनापासून वाटत होतं की माझंच चुकावं.

अण्णांना सांगू कसं? ज्या माणसाने मला तारलं त्यालाच जाऊन सांगायचं की चाळीस वर्षं तुमचं चुकत होतं? नाही सांगितलं तर काय बिघडेल? पण प्रबंधात छापलं जाणार. आणि वर्गात त्यांनी तेच सांगितलं तर मी भाषांतर काय करू?

२२ मार्च

सांगितलं. सरळ आकडे वाचून दाखवले, दुसरं सुचेना.

अण्णांनी आकडे पुन्हा एकदा वाचायला लावले. मग म्हणाले, "मी बांधलेल्या भिंती अजून उभ्या आहेत."

"आहेत ना अण्णा. उत्तम उभ्या आहेत."

"बरं," म्हणाले आणि फोन नवऱ्याच्या हातात देऊन उठून गेले.

२९ मार्च

अण्णा फोनवर आले नाहीत. भिंगरी म्हणाली, "आजोबा पडवीत आहेत. विचार करतायत. मला पण जवळ येऊ देत नाहीत." आता हिला सगळं सांगता येतं, तर सांगायला हिच्याकडेच काही नाही.

मी तडकवलं बहुतेक काहीतरी.

५ एप्रिल

आजही नाही. वर्ग पाच दिवसांवर आलाय. नवरा म्हणाला, "येतील. सदरा इस्त्रीला दिलाय त्यांनी." वाळूबद्दल काही बोलले का, विचारलं. "अवाक्षर नाही."

१० एप्रिल

वर्ग झाला. आता सावकाश लिहिते, काही सुटायला नको.

प्रयोगशाळेत चौदा विद्यार्थी, समोर चुन्याची घमेली, गुरुबाईंनी बाह्या सरसावलेल्या, किल्लीदार नवा कोरा एप्रन घालून. मोठ्या पडद्यावर आमची मागची पडवी. अण्णा पांढऱ्या सदऱ्यात, ताठ, फोटो काढायला बसल्यासारखे. कोपऱ्यात भिंगरीची वेणी येत-जात होती.

पहिली पाच मिनिटं अण्णा सदऱ्याची बटणं चाचपत राहिले. "नमस्कार," म्हणाले. मी भाषांतर केलं. पुन्हा "नमस्कार," म्हणाले. तेही केलं.

तेवढ्यात किल्लीदाराने थापी उचलून माल साच्यात भरायला घेतला, आणि अण्णा खुर्चीवरून उठलेच.

"अहो! अहो साहेब! मनगट! खांद्यातून नाही, मनगटातून!"

मी तोंड उघडायच्या आत किल्लीदाराने मनगट सैल केलं. "अस्सं!" अण्णा ओरडले. मग काय, पुढचा पाऊण तास त्या दोघांना माझी गरजच पडली नाही. एक हात दाखवायचा, दुसरा मान हलवायचा. गुरुबाईंना अण्णांनी दोनदा झापलं, "बाई, पाणी बघून घाला, आमटी आहे का ती?" ते मी जरा मऊ करून सांगितलं. पूल मोडणारा मुलगा कपाळापर्यंत पांढरा झाला होता आणि खूश होता.

शेवटी एका विद्यार्थिनीने विचारलं, "वाळू कशी निवडायची?"

मी प्रश्न सांगितला. अण्णांनी खाली वाकून काहीतरी उचललं. दोन वाट्या होत्या, दोन्हींत वाळू. त्यांच्या मागे भिंतीशी ठोकळ्यांच्या दोन नव्या रांगा होत्या, त्या मी तेव्हा पाहिल्या.

"मी चाळीस वर्षं वाळू न धुता वापरली," अण्णा म्हणाले. "माझ्या गुरूने तसं शिकवलं, मी तसं केलं. कधी करून बघितलं नाही. गेल्या दोन आठवड्यांत घरी करून बघितलं. माझे ठोकळे अजून कोवळे आहेत, त्यांचं उत्तर यायला वेळ आहे. पण तुम्ही माझ्या उत्तरासाठी थांबू नका. वाळू धुवून घ्या. माझ्या मुलीने तपासलंय."

चौदा जण माझ्याकडे बघत होते. किल्लीदाराने पाण्याचा पेला पुढे केला. दोन घोट घेतले आणि सगळं नीट, एकही शब्द न गाळता सांगितलं.

शेवटचं वाक्य अण्णा एकदाच म्हणाले होते. मी दोनदा सांगितलं.